पाहुण्याला आम्ही दिलेलं गाव

"पांचाळ साहेब, माझ्या नावाखाली हे काय छापलं आहे?"

पाहुण्यांच्या हातात आमचं गुलाबी हँडबिल होतं. एकेका अक्षरावर बोट ठेवून ते वाचत होते. मी चहाचा कप तोंडाला लावलेला होता, तो तसाच धरून ठेवला. कप खाली ठेवला असता तर उत्तर द्यावं लागलं असतं.

छापलं होतं ते असं : 'मॉरिशस देशाचे नामवंत ऊसतज्ज्ञ, आपल्याच मातीचे सुपुत्र, मूळ गाव कवठाळवाडी, ता. निलंगा.' शेतकरी मेळाव्याला दोन तास उरले होते. हँडबिलं गावोगाव वाटून झाली होती. मजकूर माझा होता.

आता हे कसं झालं ते सांगतो.

निलंग्याच्या बाजूला एक नवा सहकारी साखर कारखाना उभा राहिला होता. मी तिथे शेतकी अधिकारी. लोकांना वाटतं, साखर कारखाना मशिनरीवर चालतो. तो उसावर चालतो, आणि ऊस आणून घालणं हे शेतकी अधिकाऱ्याचं काम. ऊस आला तर श्रेय मशिनरीचं, नाही आला तर शेतकी अधिकारी नालायक, अशी साधी वाटणी असते.

लातूर जिल्हा होऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. त्याआधी आम्ही उस्मानाबादचे. कचेऱ्यांच्या पाट्यांवर नव्या रंगाखाली जुनं नाव अजून दिसायचं. लोक अर्जावर सवयीने उस्मानाबाद लिहायचे, मग खोडायचे. आमचं निम्मं टपाल आधी उस्मानाबादेत मुक्काम करून मगच आमच्याकडे यायचं. जिल्हा नवा, कारखाना नवा. दुष्काळ तेवढा जुना ओळखीचा. सलग दुसऱ्या वर्षी पावसाने पाठ फिरवलेली. चाचणी हंगाम कसाबसा उरकला आणि बॉयलर लवकर थंड झाला.

पुढच्या हंगामाची सगळी मदार खोडव्यावर होती. खोडवा म्हणजे काय, तर ऊस तोडल्यावर राहिलेल्या बुडख्यांना पुन्हा फुटवे येतात आणि नवी लागण न करता दुसरं पीक मिळतं. तोडणीनंतर रानात वाळलेला पाला पडतो, त्याला पाचट म्हणतात. आमच्या भागाचा रिवाज असा की तोडणी झाली की पाचटाला काडी लावायची. रान साफ, मन साफ. पण मग उघडी जमीन उन्हात तापते आणि विहिरीतलं उरलंसुरलं पाणी वाफ होऊन जातं. तेच पाचट सरीत अंथरून ठेवलं तर ओल टिकते. खोडवा मेला तर पुढच्या वर्षी ऊस नाही, आणि दुसऱ्याच वर्षी बंद पडलेल्या कारखान्यात कबुतरं राहतात. आसपासची पोरं नुकती तिथे नोकरीला लागली होती. त्यांच्या घरांत पहिल्यांदाच महिन्याच्या महिन्याला पगार यायला लागला होता.

हे सगळं मी महिनाभर गावोगाव सांगत होतो. लोक नीट ऐकायचे, चहा पाजायचे आणि माझी जीप वेशीबाहेर गेली की पाचट पेटवायचे. मागे वळून बघितलं की धूर दिसायचा.

कारण साधं होतं. मी नांदेडचा. आमच्याकडे नव्या माणसाला आधी तीन प्रश्न विचारतात. आडनाव काय, गाव कुठलं, पाहुणे कुठले. पाहुणे म्हणजे सोयरे. तिन्ही प्रश्नांत पास झालात तर तुमचं म्हणणं ऐकायला लोक मोकळे. माझं आडनाव कळलं, पण गाव लांबचं आणि सोयरे त्याहून लांबचे. म्हणजे माणूस चांगला, पण कुणाचा ते कळेना.

अशात चेअरमन पुण्याला साखरवाल्यांच्या अधिवेशनाला गेले आणि येताना मॉरिशसचा तज्ज्ञच घेऊन आले. रमेश भिवाजी. चाळिशीचे, काळेसावळे, डोक्यावर गवती टोपी, कोटाला चार पट्ट्यांचा बारका झेंडा टाचलेला. त्यांच्या बेटावर कोरड्या भागात पाचट रानातच ठेवतात, हे चेअरमननी अधिवेशनात ऐकलं होतं. पाहुणे मराठी बोलायचे. आजीकडून शिकलेली, सावकाश, जपून ठेवलेली मराठी. चेअरमन खूश होते. आमच्या जीपमध्ये बसेपर्यंत.

जीपमध्ये त्यांनी तीन प्रश्न काढले. पहिला, आडनाव. पाहुणे म्हणाले, भिवाजी. चेअरमन म्हणाले, ते नाव झालं, आडनाव काय. पाहुण्यांनी समजावून सांगितलं की पणजोबा उसाच्या मळ्यावर मजुरी करायला जहाजाने गेले, उतरल्यावर कारकुनाने त्यांचं एकच नाव लिहून घेतलं, तेच पुढे आडनाव झालं. दुसरा प्रश्न, गाव. पाहुणे म्हणाले, व्हाकोआ. ते नव्हे, मूळचं. पाहुणे म्हणाले, मूळचा मॉरिशसचा. तिसरा प्रश्न चेअरमननी विचारलाच नाही. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू पाहुण्यांना मीच आणलं होतं.

पाहुण्यांना गेस्ट हाउसवर सोडल्यावर चेअरमननी मला केबिनमध्ये बोलावलं.

"पांचाळ, बिगर गावाचा माणूस मेळाव्यात हुबा करायचा कसा? लोक इचारतील, कुणाचा हाय? गाव काढा."

"कुठून काढू साहेब?"

"तुमी येवढे नकाशे काढताव. एक गाव काढायला काय झालं?"

मी कवठाळवाडी काढलं. त्या गावात ऊस सगळ्यात जास्त आणि काडी लावण्यातही ते सगळ्यात पुढे. एकदा कवठाळवाडीने पाचट ठेवलं की बाकीची गावं मागून येणार, असा माझा हिशेब. गावाला वाटेल, माणूस आपलाच आहे, ऐकू या. मला स्वतःच्या हुशारीचं फार कौतुक वाटलं, आणि त्याच भरात मी निलंग्याच्या छापखान्यात जाऊन प्रूफही तपासून आलो.

मधल्या दोन दिवसांत मी पाहुण्यांना लातूर दाखवलं. डाळ मिलच्या गल्लीत त्यांनी जीप थांबवायला लावली आणि डोळे मिटून वास घेतला. म्हणाले, हा आमच्या देशाचा वास आहे. मला वाटलं, दमले असतील. मग त्यांनी दालपुरीचं सांगितलं. पोळीत शिजवलेली डाळ वाटून भरायची, वर रस्सा. मॉरिशसमध्ये भर रस्त्यावर तिची गाडी असते आणि तिच्यापुढे चिनी दुकानदार, आफ्रिकी वंशाचे कोळी, गोरे मळेवाले, तमिळ, बिहारी, मराठी सगळे एका रांगेत उभे असतात. मी आपल्या सवयीने विचारलं, पण मूळची कुणाची? बिहाऱ्यांचीच ना?

ते हसले. म्हणाले, "आणली त्यांनी. आता मॉरिशसची आहे. रांगेत कुणी विचारत नाही."

झेंड्याचे रंगही त्यांनी सांगितले. लाल झगड्याचा, निळा समुद्राचा, पिवळा उजेडाचा, हिरवा शेतीचा. हिरवा म्हणजे ऊसच, अशी पुस्ती त्यांनी बारीक आवाजात जोडली. मी म्हटलं, आमचा जिल्हा अजून दोन वर्षांचा आहे. ते म्हणाले, माझा देश सोळा वर्षांचा, म्हणजे मी तुम्हाला सीनियर. मग त्यांनी विचारलं, इथले लोक स्वतःला लातूरचे म्हणवतात का? मी खरं तेच सांगितलं. निलंग्याचा निलंगेकर म्हणवतो, उदगीरचा उदगीरकर, आणि उस्मानाबादशी भांडण निघालं की सगळे लातूरकर होतात. त्यांना फार हसू आलं. म्हणाले, आमच्याकडे त्यासाठी फुटबॉलची मॅच लागते.

असा तो माणूस. आणि आता तो गेस्ट हाउसच्या ओसरीवर बसून गुलाबी हँडबिल वाचत होता.

मी कप खाली ठेवला आणि सगळं कबूल केलं. त्यांनी विचारलं, "कवठाळवाडी चांगलं गाव आहे का?"

"चांगलं आहे. पाणी नाही."

"मग माझं असेलही. पाणी असतं तर पणजोबा कशाला गेले असते?"

मला हायसं वाटलं. पण त्यांनी हँडबिलाची घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाले, मी लोकांना नीट सांगेन. मी हात जोडले. म्हटलं, साहेब, कुठंही सांगा, स्टेजवर सांगू नका. तुम्ही इथले नाही असं म्हणालात की लोक उठून जातील, पाचट पेटेल, खोडवा जाईल, कारखाना जाईल. ते फक्त म्हणाले, बघू.

मेळावा कारखान्याच्या यार्डात होता. मांडव बऱ्यापैकी भरला होता. मी माइक तपासत होतो, तेवढ्यात फाटकातून एक बैलगाडी आत आली. जोडी देवणी जातीची, पांढऱ्यावर काळे ठिपके असलेली, चाऱ्याअभावी बरगड्या दिसणारी, पण शिंगं रंगवलेली. गाडीत कवठाळवाडीचे विश्वनाथअप्पा होते. ऐंशीच्या पुढचे, कपाळाला विभूती, मांडीवर गाठोडं. गाडी हाकायला त्यांचा मुलगा काशिनाथ. गावातला सगळ्यात जास्त ऊस याच घरचा.

अप्पा उतरले आणि त्यांनी माझे दोन्ही हात धरले. लई उपकार झाले साहेब, म्हणाले. मला कळेना. मग काशिनाथने सांगितलं. अप्पा लहान असताना एका मोठ्या दुष्काळात त्यांचे चुलते, सगळे त्यांना तात्या म्हणत, कामाच्या शोधात मुंबईकडे गेले. कुणीतरी म्हणालं, जहाजावर चढले. पुन्हा आले नाहीत. पुढे भावाभावांत वाटण्या झाल्या, तेव्हा तात्यांच्या नावचा एक पट्टा तसाच बाजूला ठेवला. अजूनही त्याला तात्याचा तुकडा म्हणतात. घरातले पाळीपाळीने कसतात, पण आपला म्हणत नाहीत.

"हँडबिल वाचून दाखिवलं तवापासून अप्पा जेवले न्हाईत," काशिनाथ म्हणाला. "म्हणायलेत, तात्याचा नातू आला, त्याचा तुकडा त्याला दाखवायचा हाय."

गाठोड्यात टोपी, टावेल, नारळ आणि नवाकोरा पटका होता.

मी गाव छापलं होतं ते उसाचं क्षेत्र बघून. त्या गावात कुणाची सत्तर-पंच्याहत्तर वर्षं वाट बघणं चाललंय, हे मला ठाऊक नव्हतं. अप्पांना तिथल्या तिथे खरं सांगायला हवं होतं. मी तोंड उघडलंही. पण चेअरमन तोवर येऊन पोहोचले होते आणि त्यांचा आनंद पोटात मावत नव्हता. माझ्या कानात म्हणाले, "बगा, निघालं का न्हाई गाव?" आणि अप्पांना हाताला धरून स्टेजवर घेऊन गेले.

चेअरमननी माइकवर जाहीर केलं की सातासमुद्रापार गेलेलं आपलं लेकरू आज घरी आलं आहे आणि त्याच्या भाऊबंदांच्या हस्ते सत्कार होत आहे. टाळ्या पडल्या. अप्पांनी पटका उचलला. पाहुण्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. काशिनाथने खालूनच त्यांना तात्यांचं आणि तुकड्याचं थोडक्यात सांगितलं. ते ऐकून पाहुण्यांचा चेहरा बदलला. त्यांनी अप्पांचे पटका धरलेले हात आपल्या हातात घेतले आणि माइकपाशी वाकले.

"अप्पा, मला माफ करा," ते म्हणाले. "मी तात्यांचा नातू नाही."



त्यांनी सावकाश सांगितलं. पणजोबांचा जहाजाचा कागद त्यांनी शोधून काढला होता. त्यावर जिल्हा रत्नागिरी आहे. गावाचं नाव कारकुनाने असं लिहिलंय की कुणालाही लागत नाही. पण कागदावर पणजोबांना दिलेला एक नंबर आहे. मजुरी करायला उतरलेल्या प्रत्येकाला तसा नंबर मिळाला होता. तो त्यांनी पाढा म्हणावा तसा म्हणून दाखवला.

"मला गाव नाही, नंबर आहे," ते म्हणाले. "पण त्याचं वाईट वाटून घेऊ नका. आमच्या बेटावर आधी कुणीच राहत नव्हतं. सगळे बाहेरून आले. सगळेच पाहुणे, म्हणून पाहुणा कुणीच उरला नाही. मी मॉरिशसचा आहे. तात्यांचा तुकडा तात्यांच्या नावानेच राहू द्या."

चेअरमन माझ्याकडे बघत होते. त्या नजरेचं वर्णन मी करणार नाही, पेन्शन अजून चालू आहे.

अप्पांनी विचारलं, "तुमच्या मुलखात म्हादेव हाय का?"

"आहे. मोठ्या तळ्याच्या काठाला. शिवरात्रीला सगळं बेट चालत जातं."

"तळ्यात पाणी आसतंय?"

"भरपूर."

अप्पांनी मान हलवली. "मंग तात्या परत आला न्हाई ते बराबर केलं त्यानं," म्हणाले, आणि पटका पाहुण्यांच्या डोक्याला बांधायला लागले. "ऱ्हाऊ द्या. नात्याचा न्हवं. आला म्हणून बांधायलो."

मला रडू आलं. शरमेचं किती आणि दुसऱ्या कशाचं किती, ते मला आजही वेगळं काढता येत नाही.

मग पाहुणे पटका घालूनच पाचटावर बोलले. पंधरा मिनिटं, एकही मोठा शब्द नाही. पाचट एका सरीत अंथरा, पाणी शेजारच्या सरीला द्या, पुढच्या पाळीलाही तसंच. मागून कुणीतरी म्हणालं, पाचटानं उंदीर व्हतात. ते म्हणाले, होतात, खरं आहे. दुसरा म्हणाला, बिडी पडली तर सगळं रान जाईल. ते म्हणाले, जाईल, म्हणून बांधावर बिडी नको. शेवटी म्हणाले, पाचटाने पाऊस पडत नाही. आहे ते पाणी थोडे दिवस जास्त पुरतं, एवढंच. मी डोक्याला हात लावला. असं कुणी मेळाव्यात बोलतं का? आम्ही दीडपट उत्पन्नाच्या खाली कधी उतरत नसू.

दुसऱ्या दिवशी ते गेले. जाताना तात्यांचं पूर्ण नाव वहीत लिहून घेतलं.

आठवड्याने मी कवठाळवाडीला निघालो. शिव्या खायची तयारी ठेवली होती. वेशीपाशी आलो तर कुठेही धूर नव्हता. अप्पांच्या रानात गेलो. एकाआड एक सरीत पाचट नीट अंथरलेलं, आणि शेजारच्या दोन-तीन रानांतही तेच. सुरुवात तात्याच्या तुकड्यापासून केली होती. काशिनाथ बांधावर होता. मी विचारलं, मी महिनाभर सांगत होतो तेव्हा ऐकलं नाही, आता कसं काय?

"साहेब, चार लोकांत, माइकवर, फुकटचं गाव अन् फुकटची जमीन मिळायली व्हती," तो म्हणाला. "माणूस न्हाई म्हणला. त्यो पाचटापायी कशाला खोटं बोलंल?"

मी म्हटलं, मीही तेच सांगत होतो ना.

"तुमचं बी ऐकलं आसतं. पर हँडबिल तुमीच लिव्हलं व्हतं न्हवं?"

मी वाकून एका सरीतलं पाचट सारखं करायला लागलो.

त्या उन्हाळ्यात खोडवा सगळा वाचला असं नाही. ज्यांच्या विहिरी पार आटल्या त्यांचा गेला. पण निम्म्याच्या वर जगला, आणि कारखान्याचा बॉयलर उशिरा का होईना पेटला. हंगाम छोटा झाला, पण झाला. दिवाळीच्या सुमारास मॉरिशसचं पत्र आलं, नेहमीप्रमाणे उस्मानाबादला जाऊन. तात्यांच्या नावाचा माणूस तिथल्या कागदांत सापडला नव्हता. मी ते अप्पांना वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं आणि म्हणाले, कागदात नसंल, रांगंत आसंल. दालपुरीच्या रांगेची गोष्ट पाहुण्यांनी त्यांनाही सांगितली असावी.

त्यानंतर अठरा वर्षं मी मेळाव्यांची हँडबिलं लिहिली. पाहुण्यांच्या नावाखाली काय छापायचं ते आधी पाहुण्यांना विचारायचं, हा नियम कधी मोडला नाही. बहुतेक पाहुणे इतकं सांगायचे की कागद पुरायचा नाही.

मी रिटायर झालो तेव्हा कवठाळवाडीने माझा सत्कार ठेवला. अप्पा तोवर गेले होते. पत्रिका काशिनाथने छापली. माझ्या नावाखाली होतं : 'आपल्याच मातीचे सुपुत्र, मूळ गाव कवठाळवाडी, जि. लातूर.' काशिनाथ गालात हसत होता. त्याने पटका बांधला आणि माइक माझ्या हातात दिला. सगळं गाव, मी काय म्हणतो ते ऐकायला कान टवकारून बसलं होतं.

दिलेल्या गावाला मी नाही म्हणालो नाही. मी काही मॉरिशसचा नव्हे.